फ्लॉरेन्स : ग्रुप टूरच्या मोकळ्या वेळात राजाराम महाराजांच्या छत्रीपर्यंत जाऊन येता येईल का?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आईला घेऊन युरोपच्या ग्रुप टूरला निघालोय. माझं फ्लॉरेन्स एकदा झालंय, २०१६ साली, अशाच बसच्या टूरमधून. 'झालंय' म्हणजे काय, तर टेकडीवरच्या पियात्साले मायकेलँजेलो या चौकातून शहराचा फोटो, मग खाली पायपीट, कारण जुन्या भागात पर्यटक बस सोडत नाहीत. कॅथेड्रलचा ब्रुनेलेस्कीने बांधलेला घुमट बाहेरून, पोन्ते वेक्यो हा जुना पूल, एक जिलातो (तिकडचं आइस्क्रीम), चला बसमध्ये. टेकडीवरच्या ब्राँझच्या डेव्हिडलाच मायकेलँजेलोचा खरा पुतळा समजून अर्ध्या बसने फोटो काढले. त्यात मीही होतो. खरा संगमरवरी आकादेमिया या संग्रहालयात आहे हे हॉटेलवर गेल्यावर कळलं.

परत आल्यावर शाळेतले जुने सर भेटले. त्यांचा पहिला प्रश्न, "महाराजांच्या छत्रीला जाऊन आलास ना?" मी गप्प. कोल्हापूरचा असून मला पत्ताच नव्हता!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्येच त्यांचं निधन झालं. वय जेमतेम वीस. तिथे दहनाची पद्धत नव्हती, तरी परवानगी मिळाली आणि आर्नो नदीला 'मुन्योने' नावाची छोटी नदी जिथे मिळते तिथे अंत्यसंस्कार झाले. पुढे १८७४ मध्ये त्या जागी छत्री आणि अर्धपुतळा उभारला. जवळच्या पुलाचं नावही 'पोन्ते आल्लिंदियानो', म्हणजे 'भारतीयाजवळचा पूल'.

ही जागा ज्या बागेत आहे तिचं नाव काशीने. आई म्हणते, "संगम आहे, नावातच काशी आहे, आणखी काय पाहिजे?" आता तिला डेव्हिड नको, घुमट नको, फक्त तिथे जायचंय.

अडचण अशी की मोकळा वेळ अडीच तास. टूर लीडरने फोनवर स्वच्छ सांगितलं, बस थांबणार नाही. चालकाच्या तासांचे नियम तिकडे कडक आहेत, साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती सक्तीची, त्यामुळे एकाने उशीर केला की सगळ्यांचा दिवस कोलमडतो. ते मला पटतं. चाळीस लोकांच्या शिव्या खायची माझीही तयारी नाही.

नकाशावर पाहिलं तर सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून टी१ ट्राम काशीनेला जाते. पण तो थांबा बागेच्या शहराकडच्या टोकाला, आणि छत्री अगदी दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर अडीच किलोमीटरच्या वर. मी चाललो असतो, आई बहात्तर वर्षांची आहे आणि एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यात आमचा वार मंगळवार, त्या दिवशी सकाळी काशीनेत आठवडी बाजार भरतो म्हणे. तो रस्ता अडतो का? छत्रीच्या जवळपर्यंत जाणारी एखादी शहर बस कुणी वापरली आहे का? ज्येष्ठ माणसाला घेऊन कुणी गेलं असेल तर खरा वेळ किती लागला तेवढं सांगा, नकाशावरचा नको.

भर : टॅक्सी सुचवणाऱ्यांचे आभार. जायला स्टेशनबाहेर स्टँड आहे, तो प्रश्न नाही. धास्ती परतीची आहे, कारण तिकडे रस्त्यावर हात करून टॅक्सी थांबत नाही आणि फोनवर इटालियन मला जमणार नाही. तीच टॅक्सी मीटर चालू ठेवून वीस मिनिटं थांबवता येते का? आणि छत्रीला कुंपण आहे की पायथ्याशी जाता येतं? आईने पंचगंगेच्या पाण्याची छोटी बाटली आत्ताच बॅगेत भरून ठेवली आहे.