मदत हवी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ चे मूळ अवयव कागदावर कसे सिद्ध करायचे?

भाची आठवीत आहे. गणिताच्या प्रकल्पासाठी तिने देवळालीच्या कापरेकर मास्तरांच्या डेम्लो संख्या घेतल्यात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, असं करत नऊ एकांच्या वर्गाला ही सतरा अंकी संख्या येते. मास्तरांना हे जी.आय.पी. रेल्वेच्या (आजची मध्य रेल्वे) डेम्लो स्टेशनवर सुचलं म्हणून ते नाव. (हा किस्सा तिला गणिताहून जास्त आवडलाय.)

एक्सेलचा उपयोग नाही, ते पंधरा अंकांनंतर शून्यं भरतं. म्हणून १११११११११ चेच अवयव पाडले. ९ ने भागून १२३४५६७९, त्याला ३७ ने भागून ३३३६६७. पुढे अडलंय. ही मूळ संख्या आहे असं नेटवर दिसतं, पण बाईंना सिद्धता हवी. वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागून बघायचं? काही जवळची वाट आहे का?

शिवाय दहा एक घेतले की वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. ८ कुठे गेला?

प्रतिसाद १
आहे की! ३३३६६७ ला ३ ने गुणा, १००१००१. त्याला ९९९ ने गुणा, ९९९९९९९९९, म्हणजे १० चा नववा घात वजा १. म्हणजे ३३३६६७ चा कुठलाही मूळ अवयव 'प' घ्या, १० च्या नवव्या घाताला त्याने भागलं की बाकी १ उरणार. बाकी १ देणारा सर्वांत लहान घात ९ चा विभाजक असतो: १, ३ किंवा ९. तो १ असेल तर प = ३, पण अंकांची बेरीज २८, बाद. ३ असेल तर प ने ९९९ ला भाग जायला हवा, म्हणजे ३ किंवा ३७. ३७ ने भागलं तर बाकी १, तोही बाद. उरला ९. मग फर्माच्या छोट्या प्रमेयाने (१० च्या प−१ व्या घातालाही प ने भागलं की बाकी १ उरते) प−१ ला ९ ने भाग जातो, आणि प विषम, म्हणून प−१ ला १८ ने. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या सतराच: १९, ३७, ७३, १०९... ३७ झालाच आहे, सोळा भागाकार करा. प्रमेय आठवीला जड आहे, तेवढं गृहीत धरू द्या.

प्रतिसाद २
८ हातच्याने खाल्ला. उभा गुणाकार मांडा. नऊ एकांत मधल्या स्तंभाची बेरीज ९, दहा एकांत १०. हातचा १ डावीकडच्या ९ वर, तोही १० होतो, मग पुढचा १ आठवर जाऊन त्याचा ९. प्रकल्पात हेही घाला: तुमच्या सतरा अंकी संख्येचे विभाजक ५×३×३ = ४५. वर्गसंख्या असल्याने त्यांची संख्या विषमच येणार.

धागाकर्ता
दोघांचे आभार! सोळाही भागाकार झाले, कुठेच बाकी शून्य नाही. आता ती विचारतेय, अकरा एकांना १८ ऐवजी २२ चालेल का?

प्रतिसाद १
चालेल, पण पहिला अवयव थेट २१६४९ ला सापडतो, दुसरा ५१३२३९. तिथे कॉम्प्युटर लावा.