[मंडळ चर्चा] दिवाळी अंकाचा जुना कॉम्प्युटर: हार्ड डिस्क खरंच गेली का?

नमस्कार मंडळी,

ग्रंथालयाच्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू होत नाहीये. २००९ साली घेतलेला, विंडोज एक्सपीवाला. जुन्या दिवाळी अंकांच्या पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) फायली त्यातच आहेत. सगळं टायपिंग युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे आणि त्या फॉन्टचं लॉक (तो चालण्यासाठी जोडावी लागणारी छोटी किल्ली) प्रिंटर पोर्टला लागतं, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर काहीच उघडत नाही.

विंडोजचा लोगो येतो, निळा पडदा लकाकतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. सेफ मोडमध्येही तेच. इथल्या एका दुकानात एक्सपीची सीडी घालून पाहिली, तर ‘हार्ड डिस्क सापडली नाही’ असं आलं. डिस्क गेली, डेटा विसरा, असं त्यांनी सांगितलं. गेले काही आठवडे त्याचं घड्याळही मागे जात होतं. कुणाला काही सुचत असेल तर कृपया लिहा.

– दिवाळी अंक समिती

----

काकू, नमस्कार.

डिस्क अजिबात टाकून देऊ नका, फॉरमॅटही कुणाला करू देऊ नका. माझ्या मते ती ठणठणीत आहे. लोगो दिसतो, म्हणजे विंडोजच्या सुरुवातीच्या फायली डिस्कवरून वाचल्या गेल्या. त्या बायोसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) मदतीने वाचल्या जातात. पुढे विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरने (यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) डिस्क कंट्रोलरशी बोलायला जातं, आणि नेमकं तिथेच तुमचं मशीन अडतंय. सेफ मोडलाही तोच ड्रायव्हर लागतो, म्हणून तिथेही सुटका नाही.

तुमच्या पत्रातलं घड्याळाचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. मदरबोर्डवरचा सेल संपला की बायोस आपली सेटिंग्ज विसरतो आणि कारखान्यातून आलेल्या सेटिंग्जवर जातो. त्या काळच्या काही बोर्डांवर साटाचा (डिस्क जिथे जोडतात त्या जोडणीचा) मोड मुळात एएचसीआय, म्हणजे नव्या पद्धतीचा, असायचा. एक्सपी आली २००१ मध्ये, तिच्यात एएचसीआयचा ड्रायव्हरच नाही. म्हणून एक्सपी घालताना तो मोड आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा, करून ठेवायचे. आता तो आपोआप परत फिरला असणार. दुकानातल्या सीडीला डिस्क दिसली नाही तीही याच कारणाने. डिस्क जागेवर होती, सीडीकडे ड्रायव्हर नव्हता.

खात्री करून घ्यायची तर सुरू होताना एफ८ दाबत राहा आणि येणाऱ्या यादीतून आपोआप रीस्टार्ट बंद करण्याचा पर्याय निवडा. निळा पडदा मग थांबून राहील. त्यावरच्या ‘स्टॉप’ आकड्याच्या शेवटी ७बी असेल, तर बूटची डिस्क विंडोजच्या हाताला लागत नाही असा त्याचा अर्थ.

मग मशीनची वायर भिंतीतून काढा, सेल बदला (सीआर२०३२, औषधांच्या दुकानातही मिळतो), अधिकाची बाजू वर. बायोसमध्ये जाऊन तारीख लावा, साटा मोड आयडीई करा, सेव्ह करून बाहेर या. काही बोर्डांवर आयडीईऐवजी ‘लेगसी’ किंवा ‘कम्पॅटिबल’ असंही लिहिलेलं असतं.

सुरू झालं की आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. फॉन्टचं फोल्डर विसरू नका, त्याच्याशिवाय फायली नुसती चिन्हं दाखवतील.

– आयटी समितीतला एक जण

----

दादा, एक शंका. एएचसीआय जास्त वेगवान ना? मग तोच मोड ठेवून इंटेलचा ड्रायव्हर घातला तर? नाहीतर सरळ विंडोज नव्याने टाकू या, मी शनिवारी येऊ शकतो.

– युवा विभाग

----

नव्याने टाकणं नकोच. फॉन्टचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवायला त्याची मूळ सीडी लागेल, ती आज कुणाकडे असेल याचा भरवसा नाही. एएचसीआयचा ड्रायव्हर एक्सपीच्या सेटअपला द्यायचा तर एफ६ दाबून फ्लॉपीवरून द्यावा लागतो, आणि चालू एक्सपीत घालायचा तर आधी आयडीईत सुरू व्हायलाच हवी. एवढा खटाटोप करून पेजमेकरचं पान जुळवताना फरक काहीच जाणवणार नाही. शनिवारी जरूर ये, पण एक बाहेरची डिस्क आणि लिनक्सची यूएसबी घेऊन. लिनक्सकडे एएचसीआयचा ड्रायव्हर असतोच, तेव्हा बायोसला हात न लावताही फायली दिसतील. मी तर म्हणेन कॉपी तिथूनच करून घे, सेल नंतर बदल.

– आयटी समितीतला एक जण

----

मंडळी, फायली मिळाल्या! आकडा ७बीच होता. लिनक्समधून सगळं कॉपी केलं, मग सेल आणि मोड बदलला, आणि एक्सपी नेहमीसारखी उघडली. फॉन्टचं लॉकही चालतंय. फक्त मशीन फार रेंगाळतंय, मोठी फाइल उघडताना माउससुद्धा अडखळतो.

– दिवाळी अंक समिती

----

काकू, फार बरं वाटलं वाचून. आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या ‘अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये पाहा. ‘पीआयओ मोड’ दिसला तर रेंगाळण्याचं कारण तेच. वाचताना वारंवार चुका झाल्या की एक्सपी डीएमए हा वेगवान मोड सोडून या संथ मोडवर उतरते आणि आपणहून वर येत नाही. तो चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा, ती त्याला नव्याने ओळखेल. पण चुका का झाल्या तेही बघायला हवं. आधी साटाची केबल बदला. तरीही पुन्हा पीआयओ आलं, तर मात्र डिस्क थकलीय असं समजा आणि ती चालते आहे तोवरच तिची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. मशीनला इंटरनेट जोडू नका. एक्सपीचे सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४ पासून बंद आहेत.

जुने लेख युनिकोडमध्ये आणायला लागाल तेव्हा कळवा. रूपांतर केल्यावर रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, प्रत्येक पान मूळ छापील अंकाशी ताडून बघावं लागेल. त्या कामाला मी आहे.

– आयटी समितीतला एक जण