गेमचं म्युझिक आजच्या गाण्यांपेक्षा खरंच जास्त अवघड असतं का?

सूरपेटी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारूनच टाकते. मी घरी पेटी आणि कीबोर्डचे क्लास घेते. पूर्वी मुलं नव्या पिक्चरचं गाणं शिकवा म्हणून मागे लागायची, हल्ली त्यातली बरीचशी मोबाईलवर गेमची ट्यून लावून दाखवतात आणि हे बसवून द्या म्हणतात. त्यात माझा भाचा, इंजिनिअरिंगला आहे, त्याचं म्हणणं असं की आजची गाणी म्हणजे चार कॉर्ड आणि एक बीट, तेच चार मिनिटं फिरवत राहायचं, खरं गुंतागुंतीचं म्युझिक आता गेममध्येच उरलंय. मावशी तू ऐकतच नाहीस म्हणून तुला पटत नाही, असंही वर ऐकवतो.

मी त्याचं बोलणं उडवून लावलं नाही कारण मारिओची ती पहिली ट्यून मी स्वतः पेटीवर बसवून बघितली. पांढरी एकचा सा धरला तर सुरुवात अगदी सरळ, ग ग ग सा ग प आणि मग खालचा प. पण पुढे मंद्रात ध, शुद्ध नी, कोमल नी, परत ध असं लागोपाठ येतं, आणि त्याच्या पुढच्या तुकड्यात प, तीव्र म, शुद्ध म, कोमल ग, शुद्ध ग. म्हणजे कोमल ग ते प या पाचही पट्ट्या, मधली एकही न सोडता! ज्या मुलांचा यमनात तीव्र म अजून हलतो तीच मुलं हे बिनचूक गुणगुणतात. कुठल्या सिनेगीतात एवढं पटकन सापडेल?

तर मला विचारायचंय की हा अवघडपणा मोजायचा कशावर, कॉर्डवर, सुरांवर की लयीवर? आणि भाच्याचं म्हणणं तुम्हाला कितपत पटतं? तुम्ही काय ऐकता, काय खेळता तेही लिहा.

लूपवाला

ताई, मस्त धागा. मी पुण्यात गेमच्या ऑडिओचंच काम करतो त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुम्ही पकडलेल्या त्या पाच पट्ट्यांमागे एक कारण आहे. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५चा, संगीत कोजी कोंडो यांचं. आपल्याकडे टीव्हीला जोडायचा, पिवळ्या कॅसेटवाला जो गेम घरोघरी होता तो त्याच जपानी मशीनची नक्कल. त्यातल्या चिपला आवाज मोजून पाच, दोन पल्स वेव्ह, एक ट्रँगल वेव्ह, एक नुसता नॉइज आणि एक छोट्या रेकॉर्ड केलेल्या सॅम्पलसाठी. ट्रँगलवर बहुतेकदा बेस वाजवायचे, नॉइजवर ड्रम. आणि त्यातही तुम्ही उडी मारली की त्या उडीचा आवाज एक पल्स क्षणभर स्वतःकडे ओढून घेतो, तेवढ्यापुरती ट्यूनमधली एक बाजू गायब. एवढ्याशा जागेत भरगच्च कॉर्ड, व्हायोलिनचा थर, रिव्हर्ब (आवाजाची घुमणूक) असलं काहीच शक्य नव्हतं, त्यामुळे सगळा भार चालीवर आणि लयीवर यायचा, आणि तुकडा छोटा असून शेकडो वेळा कानावर पडणार असल्यामुळे त्यात ठसका लागायचाच. म्हणून ते अर्ध्या अर्ध्या सुरांनी घसरणं आणि बीटच्या अलीकडे पलीकडे पडणारे सूर.

पण माझ्या मते गेमच्या म्युझिकचा खरा अवघडपणा नोटेशनमध्ये दिसतच नाही. गाणं करणाऱ्याला माहीत असतं की मुखडा कधी संपणार, अंतरा कधी येणार. गेममध्ये प्लेअर गुहेच्या तोंडाशी दहा मिनिटं नुसता उभा राहू शकतो, नाहीतर दोन सेकंदात आत उडी मारतो, आणि म्युझिकला दोन्ही वेळेला असं वाटायला लावायचं असतं की हे ह्याच क्षणासाठी केलंय. १९९०च्या सुपर मारिओ वर्ल्डमध्ये योशी नावाच्या डायनोसॉरच्या पाठीवर बसलात की चालू ट्यूनमध्येच बाँगो सुरू होतात, उतरलात की थांबतात, ट्यून कुठेही तुटत नाही. १९९१ला मंकी आयलंड २ या गेमसाठी मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूज नावाची अख्खी सिस्टीम बांधली, एका जागेहून दुसरीकडे गेलं की ट्यून योग्य मात्रेवरच वळण घेते. आणि २०१०चा रेड डेड रिडेम्प्शन बघा, त्यातले म्युझिकचे थर १३० बीपीएम (मिनिटाला १३० बीट) आणि ए मायनर हे स्केल धरून केलेले, का तर कुठलाही थर कुठल्याही थरावर बसावा, घोडा पळायला लागला की एक चढवा, गोळीबार सुरू झाला की अजून एक. कागदावर बघाल तर एक लय आणि एक स्केल, तुमचा भाचा ह्याला साधं म्हणेल.

रेडिओकट्टा

लूपवाला, जबरी माहिती. पण मी भाच्याच्या विरुद्ध बाजूने बोलणार.

"गाणी सोपी होत चालली" हे वाक्य आलं की लोक एका अभ्यासाचा हवाला देतात. २०१२ला सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये आला होता, १९५५ ते २०१०मधली साडेचार लाखांहून जास्त रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर तपासली आणि निष्कर्ष असा की एका सुरावरून दुसऱ्यावर जायच्या वाटा कमी झाल्या, आवाजांच्या पोतातला फरक कमी झाला आणि गाणी जास्त मोठ्या आवाजाची झाली. ह्याच्या बातम्या सगळीकडे झाल्या. त्यानंतर २०१५ला रॉयल सोसायटी ओपन सायन्समध्ये दुसरा आला. त्यांनी १९६० ते २०१०ची अमेरिकन बिलबोर्डच्या यादीतली सुमारे सतरा हजार गाणी घेतली आणि त्यांना गाणी सतत एकसारखी होत चालल्याचा पुरावा मिळाला नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात विविधता घसरली आणि नंतर परत वर गेली. १९६४, १९८३ आणि १९९१ असे तीन मोठे बदल दिसले आणि सगळ्यात मोठा १९९१चा, म्हणजे रॅप आणि हिपहॉप आलं तेव्हाचा. आता रॅपचा अवघडपणा कॉर्ड मोजून कसा कळणार? तिथे सगळा खेळ शब्द बीटच्या कुठल्या फटीत टाकायचा ह्याचा असतो. आणि हे दोन्ही अभ्यास पाश्चात्य गाण्यांचे आहेत, त्यावरून आपल्या गाण्यांबद्दल बोलणं म्हणजे ताणून धरणं झालं.

आपलंच घ्यायचं तर सैराट. २०१६चा पिक्चर, अजय-अतुलनी त्याची ऑर्केस्ट्रा थेट लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केली. त्याच पिक्चरमध्ये झिंगाट आहे ज्यावर आजही प्रत्येक वरातीत सगळे नाचतात आणि त्याच पिक्चरमध्ये तो व्हायोलिन आणि ब्रासचा भला मोठा पसारा आहे. लोकांनी दोन्ही डोक्यावर घेतलं. पॉप्युलर म्हणजे साधं हे समीकरण मला तिथेच चुकीचं वाटतं.

अजून एक, भाचा त्याच्या आवडत्या पाच गेमची तुलना रेडिओवर लागणाऱ्या सगळ्या गाण्यांशी करतोय. पाच निवडक गाणी आणि पाच निवडक गेम समोरासमोर ठेव म्हणावं. मोबाईलवरच्या फुकट गेमचं म्युझिक तर लोक पहिल्याच मिनिटाला म्यूट करतात, ते तो हिशोबात धरत नाही.

कोकणकडा७७

+१ रेडिओकट्टा. शेवटचा मुद्दा तर अगदी.

तिरकीट

तबला वाजवतो म्हणून लयीबद्दल लिहितो. यूट्यूबवर गेमच्या म्युझिकचे व्हिडिओ बघितले की कोणीतरी "हे सात-आठमध्ये आहे", म्हणजे सात मात्रांचं आहे, म्हणून हरखून जातं. आपल्याकडे रूपक सात मात्रांचाच आणि त्यात कितीतरी भजनं, गझला आहेत ज्या लोक टाळ्या मोजल्याशिवाय सहज गुणगुणतात. तीं तीं ना धी ना धी ना. वर रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, टाळीऐवजी 'खाली'वर येते, म्हणजे जिथे जोर अपेक्षित तिथेच हात हलका. हे ऐकणाऱ्याला अवघड वाटत नाही कारण लहानपणापासून कानावर आहे. त्यामुळे अवघड सोपं हे पुष्कळसं कानाच्या सवयीवर आहे असं माझं मत.

सूरपेटी ताई, दोन्ही मध्यम लागोपाठ म्हटल्यावर मला पटकन ललित राग आठवला पण ललितात पंचम नाही आणि मारिओची ती ओळ पंचमावरूनच उतरते. आणि कॉर्डच मोजायचे तर किशोरीताई आमोणकरांच्या भूप रागाला शून्य मार्क पडतील, सूर फक्त पाच आणि कॉर्ड एकही नाही. तो भूप ज्याने नीट ऐकलाय त्याला कोणी सोपा म्हणून सांगून बघा.

लूपवालांना एक विचारायचंय. तुम्ही लिहिलंत ती योशीची आणि घोड्याची उदाहरणं भारी आहेत पण तो संगीतातला अवघडपणा आहे का? मला ते इंजिनिअरिंग वाटतं. कधी कुठला थर चालू करायचा हे प्रोग्रॅम ठरवतो, त्यात गाण्याबजावण्याचं काय?

लूपवाला

@तिरकीट, इथे मी जोरात असहमत.

नारदीय कीर्तनात साथीला बसला असाल तर आठवा. बुवा गद्यात बोलतायत, पेटीवाला नुसता सूर धरून बसलाय, तबलजीचा हात तबल्यावर टेकलेला. बुवांचा आवाज जरा चढला, चिपळ्यांचा हात वर गेला की त्याच क्षणी पदाची उचल. ते बोलणं पाच मिनिटं चालेल का पंचवीस हे साथीदारांना आधी माहीत नसतं आणि उचल अर्ध्या मात्रेने जरी चुकली तरी रंग जातो. ह्याला आपण इंजिनिअरिंग म्हणत नाही, उत्तम साथ म्हणतो. गेमच्या संगीतकाराला तीच साथ करायची असते फक्त तो तिथे हजर नसतो, गेम बाजारात यायच्या कितीतरी आधी त्याला प्रत्येक शक्य उचल बांधून ठेवावी लागते. मग कुठल्या सुरावर तुकडा सोडला म्हणजे पुढचे चारही तुकडे त्याला जोडता येतील, हा प्रश्न संगीताचाच आहे, कोड लिहिणारा तो सोडवू शकत नाही. मी रोज दोघांच्या मध्ये बसतो म्हणून सांगतो.

आणि हे सगळं चारच सुरांतही होतं. स्पेस इन्व्हेडर्स, १९७८, खाली उतरणारे चार जाड सूर, बस. पण तुम्ही एकेक शत्रू पाडत गेलात की तेच चार सूर जलद होत जातात आणि खेळणाऱ्याची छाती धडधडायला लागते. विलंबितातून द्रुतात नेणं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तिरकीट

कीर्तनाचा मुद्दा पटला. उचल बांधून ठेवणं हे मी डोक्यातच घेतलं नव्हतं. तरी समोर माणूस बघून क्षणात घेतलेली उचल मला वरचढ वाटते आणि वाटत राहील.

ओसाकाकर

मी बरीच वर्षं जपानात आहे त्यामुळे इकडची बाजू. इथे "पॉप्युलर संगीत का गेमचं संगीत" हा प्रश्नच कोणाला कळणार नाही. ड्रॅगन क्वेस्ट हा गेम १९८६ला आला आणि पुढच्याच वर्षी त्याचं संगीत कॉन्सर्टला वाजलं. कोरोनामुळे २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला सगळ्या देशांचे खेळाडू मैदानात आले ते गेमच्या ट्यूनवर, सुरुवातच ड्रॅगन क्वेस्टपासून. माझ्याबरोबर ऑफिसमधले पन्नाशीतले लोक टीव्हीसमोर बसून गात होते, त्यांच्यासाठी ती लहानपणाची गाणी आहेत. जाता जाता, अमेरिकेतही २०२३ला लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत मारिओची ट्यून घेतली, गेममधलं ते पहिलंच, आणि २०२५ला माइनक्राफ्ट या गेमचा अल्बम घेतला. आता माइनक्राफ्टचं म्युझिक म्हणजे बरंचसं पियानोचे संथ, सुटे सूर आणि मध्ये भरपूर शांतता. अवघड अजिबात नाही पण तासन् तास एकटं बसून घर बांधताना त्याच्याइतकं सोबतीला काही नाही.

सूरपेटी

किती छान लिहिताय सगळे, मनापासून आभार. भाच्याला धागा पाठवलाय, त्याने २०१२च्या अभ्यासाची लिंक आधीच मला पाठवून ठेवली होती, २०१५चा त्याच्या वाचनात नव्हता. आता वाचतोय.

मला कीर्तनाच्या साथीचा मुद्दा सगळ्यात जास्त भावला कारण क्लासमध्ये मुलांची तीच बाजू कच्ची असते. नोटेशन पाठ करतात, समोरचा थांबला तर काय करायचं कळत नाही. पुढच्या वेळी मी एकाला गेम खेळायला बसवणार आणि दुसऱ्याला आवाज बंद करून पेटीवर साथ करायला लावणार, बघू काय होतं.

आता एक व्यवहारातला प्रश्न. पेटीची पहिली दोन वर्षं झालेल्या मुलांना पहिली गेम ट्यून कुठली द्यावी? मारिओ बोटांना जड जातो.

लूपवाला

टेट्रिस द्या ताई, डोळे झाकून. १९८९च्या गेमबॉयवरची ती 'ए' नावाची ट्यून म्हणजे मुळात कोरोबेनिकी नावाचं रशियन लोकगीत, शब्द नेक्रासोव यांच्या १८६१च्या कवितेतले, गेमसाठी बसवली हिरोकाझू तानाका यांनी. पांढरी सहाला सा धरा, ग कोमल:

प रे ग म ग रे सा
सा ग प म ग रे
ग म प ग सा सा

दुसरा भाग म वरून उठतो, तार सा ला टेकून कोमल नी, कोमल ध करत प वर येतो. म्हणजे ग, ध, नी तिन्ही कोमल, आसावरी थाटाचे सूर, आणि एकही सूर पट्टी सोडून भटकत नाही. मुलांना थाट समजावायलाही सोपं. जमलं की मग पुण्यातच बनलेला राजी नावाचा गेम आहे २०२०चा, त्याचं संगीत ऐकवा, संगीतकार ग्रीक आहे आणि गोष्ट आपल्या पुराणातली, त्यात त्याने काय कसं मिसळलंय ह्यावर मुलांशी छान बोलता येईल.

तिरकीट

टेट्रिसला केरवा लावा, मध्य लयीत. सुरुवातीला लग्गी (जलद, नक्षीदार बोल) अजिबात नको, मुलं धावत सुटतात.