पत्रमैत्रीवरची मुलांची कादंबरी सुचवा (सहावी, सेमी इंग्रजी)

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. माझी भाची सहावीत आहे. मराठी भरभर वाचते, इंग्रजी सावकाश. साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली 'सुंदर पत्रे' आम्ही दोघींनी मिळून वाचली, तिला फार आवडली. पण "सुधानं काय उत्तर लिहिलं?" हे ती सारखं विचारते. नेहरूंनी १९२८ मध्ये मसुरीला असलेल्या इंदिरेला लिहिलेली पत्रं वाचतानाही तेच. दोन वेगळ्या मुलखांतली मुलं एकमेकांना लिहितायत आणि दोघांचीही पत्रं वाचायला मिळतायत, अशी कादंबरी आहे का? कोल्हापुरात कुठं मिळेल तेही सांगा.

पेठेतला वाचक:
ताई, 'सेम सन हिअर' घ्या. सिलास हाउस आणि नीला वासवानी या दोघांनी मिळून लिहिलीय, २०१२ ची. मीना मूळची मसुरीकडची, आता न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये राहते. रिव्हर केंटकीच्या डोंगराळ भागातला, खाणकामगाराचा मुलगा. सुरुवातीला त्याला मीना म्हणजे मुलगाच वाटतो! सण, कपडे, खाणं यांची यादी देऊन 'वेगळी संस्कृती' दाखवणारी पुस्तकं मला वाचवत नाहीत. इथं दोघांना जोडतात त्या आज्या. त्याची आजी कोळशासाठी डोंगरमाथे उडवणाऱ्यांविरुद्ध उभी राहते, तिची दादी लांब भारतात राहिलेली. घरचं अवघड बोलणंही दोघं एकमेकांना मोकळेपणानं लिहितात. लै जीव लावणारं पुस्तक आहे.

गोष्टीवाली मावशी:
पुस्तकाला माझंही मत. फक्त मुलीच्या हातात देऊन मोकळ्या होऊ नका. त्यात मृत्यू आहे, घरातली ओढाताण आहे, शिवाय इंग्रजी. मीनाची पत्रं तिनं वाचावीत, रिव्हरची तुम्ही. अडलं तिथं मराठीत सांगत जा. एक पत्र संपलं की पुढचं लगेच उघडू नका, "तू काय लिहिलं असतंस?" विचारा. आणि सुधाची उत्तरं तिलाच लिहू द्या की! गुरुजींच्या एकेका पत्राला एक उत्तर. तिचा प्रश्न इतका चांगला आहे, तो तसाच सोडू नका.

पेठेतला वाचक:
हे बेस्ट. 'आय विल ऑलवेज राइट बॅक' ही खऱ्या पत्रमैत्रीची हकिकतही आहे, पेनसिल्व्हेनियातली मुलगी आणि झिम्बाब्वेतला मुलगा, १९९७ पासूनची. त्यात गरिबीचं वर्णन बरंच आहे, आठवीनंतर द्या. मराठी पुस्तकांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात विचारा, १८५० पासूनचं ग्रंथालय आहे. इंग्रजी कादंबरी मात्र दुकानदाराला सांगून मागवावी लागेल.

सीमाभागातला:
पुस्तक वाचून झालं की तिला खरं पत्र लिहावंसं वाटणारच. त्यासाठी परदेशच कशाला? साने गुरुजींच्या आंतरभारतीचा विचार हाच होता, एकमेकांच्या भाषा शिकायच्या, माणसं जोडायची. आपल्याला धारवाड जवळ आहे. कन्नड शाळेतल्या एखाद्या मुलीशी जुळवून द्या. पोस्टकार्ड ५० पैशांना, आंतर्देशीय अडीच रुपयांना. पत्ता घरचा नको, दोन्हीकडे शाळेचा आणि बाईंच्या माहितीतला असावा. पहिल्या पत्रात प्रश्न कमी, स्वतःबद्दल जास्त लिहायला सांगा. नुसत्या प्रश्नांना मुलं परीक्षेसारखी उत्तरं देतात.

राजारामपुरीकर:
मनापासून आभार! 'सेम सन हिअर' मागवते. माझी नणंद धारवाडला शिक्षिका आहे, आजच फोन करते. सुधाचं पहिलं उत्तर लिहायला भाची आत्ताच बसलीय, गुरुजींना 'प्रिय अण्णा' म्हणावं का 'तीर्थरूप' यावर अडलीय.

गोष्टीवाली मावशी:
प्रिय अण्णाच लिहू दे.