मदत हवी आहे: समोर सेलिब्रिटी बसला की माझी बोबडी वळते

रेडिओवर एकट्याने शो करायला मला काही वाटत नाही, मी आणि माईक एवढंच असतं ना. पण आता मुलाखतींचा स्लॉट मिळालाय, लाइव्ह, 20 मिनिटं, आणि नावाजलेलं कोणी समोर बसलं की घसाच कोरडा पडतो. मुळातच लाजाळू आहे मी.

प्रश्न पूर्ण लिहून नेले तर नजर कागदावरच राहते आणि उत्तर ऐकायचंच राहतं, एकदा तर पाहुण्यांनी आधीच सांगून टाकलेलं परत विचारलं (ते हसले म्हणून निभावलं). ऑन एअर जाण्याआधी गप्पा मारून पाहिल्या, तर सगळ्यात भारी किस्सा तिथेच सांगून संपतो. हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न टाळतेच.

रेकॉर्ड करून एडिट करणं शक्य नाही, को-होस्ट नाही, प्रोड्युसर हेडफोनमध्ये बोलला की उरलंसुरलंही विसरते. 'कॉन्फिडन्स वाढव' सोडून सांगा प्लीज.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा, कागदावर नेमकं काय नेता, पूर्ण प्रश्न की नुसते मुद्दे? आणि पाहुणा एका वाक्यात थांबला तर लाइव्हमध्ये किती वेळ गप्प राहिलेलं चालतं?