अनुभव धागा : आल्पिन ए११० रोजच्या वापराला कशी आहे?

युरोपातल्या मराठी मंडळींपैकी कोणी ही गाडी वापरत असेल, दुरुस्त करत असेल किंवा सेकंडहँड घ्यायच्या विचारात असेल, तर इथे लिहा. आल्पिन ही फ्रेंच स्पोर्ट्स कार, फ्रान्समधल्या दिएपच्या कारखान्यात तयार झालेली, दोन सीटची, सीटच्या मागे इंजिन असलेली नवी ए११०, म्हणजे २०१७ नंतरची. १.८ लिटर टर्बो, २५२ अश्वशक्ती, वजन साधारण ११०० किलो. शून्य ते शंभर साडेचार सेकंदांत, हे सगळ्यांना पाठ आहे, ते नको. किस्सेही नकोत. ऑफिस, बाजार, पार्किंग यांबद्दल कामाचं तेवढं लिहा.

लंडनजवळून :
गाडी हलकी असली की स्प्रिंगा मऊ ठेवता येतात, सगळी गंमत त्यात आहे. चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन दांडे) आहेत, त्यामुळे वळणावर गाडी कलली तरी टायर रस्त्याला नीट टेकून राहतो आणि कलणं रोखायला जाडजूड अँटीरोल बार लागत नाही. सस्पेन्शन पूर्ण दबत आलं की हायड्रॉलिक स्टॉप (तेल भरलेला अडसर) दणका जिरवतो. खड्ड्यात ‘धाड’ असा आवाज येत नाही.
‘एस’ मॉडेलमध्ये स्प्रिंगा ५० टक्के जास्त कडक, अँटीरोल बार दुप्पट कडक आणि उंची ४ मिमी कमी. ट्रॅकला ठीक आहे. फुटक्या रस्त्यांवरून रोज जायचं असेल तर साधीच घ्या. ताकद जास्त हवी तर २०२२ ची ‘जीटी’ बघा : ३०० अश्वशक्ती, सस्पेन्शन मात्र मऊच. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेही त्याच वर्षी आलं. आधीच्या गाड्यांचा स्क्रीन रडकाच आहे.

ल्योंहून :
सामानाचं सांगतो. पुढची आणि मागची डिकी मिळून १९६ लिटर, पण आकड्यावर जाऊ नका. पुढची रुंद पण उथळ, त्यामुळे चाकांची कडक बॅग बसली तरी झाकण लागेलच असं नाही. कापडी बॅगा घ्या. मागची इंजिनाच्या पाठीशी, तोंड अरुंद, आणि तापते. पालेभाजी, चॉकलेट, लॅपटॉप पुढे. जेवणाचा डबा मागे (कोमट मिळतो, हा फायदाच धरा). ग्लोव्हबॉक्स नाही, दारांना खण नाहीत. सीटच्या मधली पेटी वेगळी घ्यावी लागायची, म्हणून जुनी गाडी बघताना ती आहे का ते विचारा.
मूळ साबेल्ट कंपनीची सीट १३.१ किलोची, पाठ मागे कलत नाही, आणि उंची बदलायला पाना लागतो. नवरा-बायको दोघंही चालवणार असाल तर सगळीकडून हलणारी ‘कम्फर्ट’ सीट असलेलीच शोधा. टाकी ४५ लिटरची. महामार्गावर शांतपणे चालवली आणि लिटरला १४ किमी धरले, तर ५५० किमीला पंप गाठावा.

म्युनिकहून :
टायर पुढे २०५/४० आर१८, मागे २३५/४० आर१८. माप वेगळं असल्यामुळे पुढचे मागे लावता येत नाहीत आणि मागचे आधी संपतात. बाहेरून टायर चांगला दिसतो, झिजते ती आतली कड. हात घालून चाचपा. तिथे धारदार कंगोरे लागले तर टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) बिघडलाय, नवे टायर घालण्याआधी अलाइनमेंट करून घ्या. हवा टायर थंड असताना तपासा. पुढचं-मागचं प्रेशर वेगळं असतं, स्टिकरवरचं पाहा.
स्टेपनी नाही, फक्त पंक्चरचं द्रावण आणि पंप. टायर बाजूने फाटला तर टो ट्रकच.
जर्मनीत बर्फात डोंगर आणि हिमकणाची खूण असलेलेच टायर लागतात. ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं ‘एम+एस’ (चिखल-बर्फाची जुनी खूण) चालत नाही. त्या खुणेला इथे ‘आल्पाइन’च म्हणतात, योगायोग.
जॅक फक्त नेमलेल्या जागी, रबरी ठोकळा ठेवून. खाली सपाट पत्रे आहेत. भलतीकडे जॅक लावला तर वाकतील.

तुरीनहून :
जुनी घेताना पत्रा बघा. सांगाडा आणि बॉडी अॅल्युमिनियमची, गोंद आणि रिव्हेट यांनी जोडलेली. त्यामुळे पत्रा रंगवलाय का हे लोहचुंबक सांगत नाही. अॅल्युमिनियमवर चालणारा रंगाची जाडी मोजणारा मीटर आणा. लोखंडावर वापरलेला ब्रश या पत्र्यावर घासला तर लोखंडाचे कण रुतून तिथून गंज सुरू होतो, म्हणून डेन्टिंगवाल्याकडे अॅल्युमिनियमसाठी वेगळी हत्यारं आहेत का ते आधी विचारा. सपाट तळाचे स्क्रू मोजा. एखादा गायब असेल तर पत्रा आधी कोणीतरी उघडलाय. बिलात नोंद नसेल तर कारण विचारा.

लंडनजवळून, पुन्हा :
ट्रॅफिकचं राहिलं. सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, क्लच तापतो. ब्रेक दाबून थांबा, पुढे जागा झाली की सोडा. पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकण्यापेक्षा दोन गाड्यांएवढं अंतर पडू द्या आणि एकदाच पुढे घ्या. आणि ऑफिस पाच किमीवर असेल तर आठवड्यातून एकदा तरी तासभर महामार्गावर न्या, नाहीतर ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही.