मदत हवी आहे: घाट उतरण्याआधी गाडी कोणाला दाखवू?

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, साठ हजार किमीच्या पुढे गेलेली. पुढच्या महिन्यात आईला घेऊन नाशिकहून कसारा घाटाने डोंबिवलीला जायचंय. सर्व्हिसिंगचं एस्टिमेट काढलं तर ब्रेक ऑइल, कूलंट, इंजिन फ्लशिंग (इंजिन आतून धुणं), थ्रॉटल बॉडी क्लीनिंग अशी मारुतीच्या शेपटीसारखी यादी हातात आली.

ब्रेक ऑइल बदलायचंच आहे. ते हवेतला ओलावा ओढतं, उतारावर सारखे ब्रेक मारून तापलं की त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ लागतं. कूलंटही गढूळ दिसतंय, तेही मान्य. पण इंजिन चांगलं चालत असताना फ्लशिंग कशाला? मला तरी बिल फुगवण्याचा प्रकार वाटतो. जाणकारांनी सांगावं.

खरी अडचण टायरची. खाचांमधल्या, झिजेची मर्यादा दाखवणाऱ्या 1.6 मिमीच्या खुणेपेक्षा नक्षी बरीच वर आहे, पण साइडवॉलवर बारीक भेगा दिसतात. बाजूवर 2318 छापलंय, म्हणजे 2018 च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. दुकानदार म्हणतो, ‘अजून वर्षभर बघायला नको.’ मला पटत नाही. चारही बदलू की दोन?

आणि अंबड, सिडको किंवा सातपूरकडे चाक काढून ब्रेक पॅड आपल्यासमोर दाखवणारा कोणी भरवशाचा मेकॅनिक असेल तर सुचवा. रविवारी गॅरेज उघडं असेल तर फारच बरं, एरवी माझी फर्स्ट शिफ्ट असते.